रेंजचा कातळ

"चालू कर की गो! बटन दाबून माझा अंगठा झिजला."

चांगू म्हाताऱ्याने निळा फोन तोंडासमोर धरला, मग लांब धरला, मग उन्हात धरला. पडद्यावरची फुलं तशीच. घड्याळही तसंच, दहा वाजून दहा मिनिटं. पोलादपूरच्या एसटी स्टँडाबाहेर मात्र दुपार टळायला आली होती आणि कंपनीच्या नारिंगी छत्रीची सावली सरकत सरकत गटारावर गेली होती.

"आजोबा, हा चालू होत नाही," उज्वला म्हणाली. "दाखवायचा आहे. डमी म्हणतात याला."

"म्हंजे?"

"म्हणजे खरा फोन अगदी असाच असणार. हाच रंग, एवढंच वजन. फक्त आत काही नाही."

म्हाताऱ्याने नारळ हलवून बघावा तसा फोन कानाशी नेऊन हलवला. "खरं गो, पाणी नाय. मग खरा कुठं हाय?"

"येणार आहे."

"कवा?"

हा प्रश्न आला की उज्वलाची नजर आपसूक महाडच्या रस्त्याकडे जायची. जणू पुढच्याच एसटीतून खोकी उतरणार होती. तिच्याऐवजी उत्तर आलं ते बाजूच्या टोपलीमागून. तिथे शेवग्याच्या शेंगा आणि वालाचे वाटे मांडून ठमाबाई बसली होती.

"अरे चांगू, तुझ्या लग्नात तरी नवरी कुणी आधी चालवून दाखवली होती? पाटावर बसलास तवाच बघितलीस ना? तसाच फोन येल."

"म्हणून तर फसलो!" म्हातारा म्हणाला आणि रिक्षावाल्यांसकट सगळे हसले. त्याला जायची घाई नव्हती. "पन एक सांग पोरी. माझ्या नातवाचा फोन तव्यावानी तापतो. ह्यो तापतो काय?"

"नाही आजोबा. हा अजिबात तापत नाही."

"आत जीवच नाय, त्यो तापंल कसा?" ठमाबाईने शेंगांवर पाणी शिंपडलं. "ठेव खाली. घामानं खराब करशील पोरीचा माल."

पोरीचा माल म्हणजे दोन डमी, एक निळा आणि एक काळा. इंग्रजी पत्रकांचा गठ्ठा. आणि पुठ्ठ्याचा एक पुरुषभर उंच नट, जो फोन हातात धरून रात्रंदिवस हसत असे. त्याचा डावा कान परवा एका शेळीने खाल्ला होता.

फोनची जाहिरात टीव्हीवर दर मालिकेच्या मध्ये लागत होती. मुंबईला म्हणे पुलापुलांवर त्याची पोस्टरं होती. कंपनीचं सिम आणि कंपनीचाच फोन, दोन्ही एकत्र घेतलं की स्वस्त, असं काहीतरी ते होतं. महाडच्या गॅलरीत, म्हणजे कंपनीच्या काचेच्या दुकानात, लाँचच्या दिवशी फुगे लावले, केक कापला. फोन तेवढा आला नाही. चालू फोन दाखवायला तरी एक द्या, असं उज्वलाने विचारलं तेव्हा तिथले साहेब सुहास सर म्हणाले होते, "लाइव्ह पीस पनवेलपर्यंतच आलेत गं. तू बुकिंग घे. आपण वस्तू नाही विकत, स्वप्न विकतो."

सुहास सर स्वभावाने वाईट नव्हते. त्यांच्या गळ्यातही तिच्यासारखीच ओळखपत्राची नारिंगी पट्टी होती. फक्त त्यांना पोलादपूरच्या स्टँडावर उभं राहावं लागत नव्हतं. इथली माणसं भोपळा घेतानासुद्धा नख लावून बघतात. त्यांना स्वप्न कुठे नख लावून दाखवायचं?

आणि बुकिंग झालं नाही तर या महिनाअखेर छत्री मिटणार होती. तसं कंपनीच्या ग्रुपवर आलं होतं, खाली अंगठ्याचं चित्र लावून.

उज्वलाने मोबाइल काढून पाहिला. घरून काही नव्हतं. काही नसलं की तिला जास्त धास्ती वाटे. तिच्या ऋत्विकने दोन वर्षांचा झाल्यावर बोलायला सुरुवात केली आणि आता तो थांबतच नव्हता. सकाळी ती निघाली की तो सासूबाईंच्या कडेवरून ओरडायचा, "आई, टाटा नको!" नवऱ्याची, नागसेनची, एमआयडीसीतली पाळी बदलती, सासूबाईंचे गुडघे दुखरे. दिवसभर तिचे पाय पोलादपूरला असत आणि बाकीची ती महाडच्या त्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत असे. एकदा तिने काळा डमी घरी नेला होता. निदान तिच्या मोबाइलचा नाद तरी सोडेल. पोराने तो कानाला लावला, "हॅलो बाबा" म्हणाला, जरा वाट बघितली आणि तिला परत दिला. "आई, हा झोपलाय."

मुलंसुद्धा फसत नव्हती.

ठमाबाईशी ओळख झाली ती छत्री लागली त्या पहिल्याच आठवड्यात. "कुठली गो तू?" "महाडची." "महाडात कुठं?" "तळ्याजवळ." मग आडनाव विचारून झालं. आडनाव ऐकल्यावर म्हातारीने शेंगांची जुडी उगाच सोडून पुन्हा बांधली. त्या दुपारी ऊन फार होतं. उज्वलाने पाण्याची बाटली पुढे केली तर ती म्हणाली, "तहान नाय."

ओठांना चिरा पडल्या होत्या तिच्या. पण या तहान-नायची उज्वलाला लहानपणापासून सवय होती. सासूबाई म्हणायच्या, आपण बाटली पुढे करायची; घ्यायची का नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. म्हणून ती रोज बाटली पुढे करत राहिली. ठमाबाईला रोज तहान नसायची. बाकी सगळं असायचं. उज्वला घरी फोन करायला बाजूला गेली की ठमाबाई छत्री सांभाळायची, गिऱ्हाइकाला हाका मारायची, ऋत्विकला जुलाब झाले तेव्हा तिने पदराच्या गाठीतून जायफळ सोडून दिलं होतं. आणि मधूनच, शेंगा निवडता निवडता, मान वर न करता, ती काहीबाही विचारायची.

"तुमच्यात सुनेला सासू कशी वागवते?"

"सासू-सासूवर आहे ते, काकी. माझी चांगली आहे."

"मासळी करता रोज?"

"रोज कुठली. परवडायला नको?"

"नोकरी करू देतात?"

"मग हे काय करतेय मी?"

"होय की," म्हणून ती पुढची शेंग उचलायची. या चौकशा कशासाठी आहेत, हे उज्वलाच्या कधी ध्यानात आलं नाही. म्हाताऱ्या माणसांना चौकशा लागतात, एवढंच तिला वाटलं.

मग एका दुपारी, कुणी काही न विचारता, ठमाबाई म्हणाली, "ती बाटली दे गो इकडं." आणि तोंड लावून घटाघटा प्याली. पिऊन झाल्यावर पदराने तोंड पुसून ती थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसली. उज्वलाने बाटली परत घेतली आणि चांगू म्हाताऱ्याच्या फोनबद्दल काहीतरी बोलायला घेतलं. त्या क्षणाकडे फार बघू नये असं तिला वाटलं.

त्याच संध्याकाळी ठमाबाईने स्वतःहून सुचवलं. "आमच्या बाया इकडं उतरत नायत. तू हितं उभी राहून कुणाला दाखवणार? निळावाला दे माझ्याकडं. आमच्या पिंपळकोंडात फिरवते. माझ्या शब्दावर चार जणी नावं देतील."

कंपनीचं सामान कुणाच्या हाती द्यायचं नाही असा नियम होता. पण कंपनीने माल पाठवायचाही नियम असणारच की. उज्वलाने निळा डमी पिशवीत घालून दिला.

आणि खरंच नावं आली. दुसऱ्या सकाळी ठमाबाईने टोपली उतरवायच्या आधीच बोटांवर मोजून सांगितली. सारिका, अक्षदा, अक्षदाची जाऊ, वरच्या आळीतली एक बाळंतीण जिचा नवरा सुरतेला होता. "मी सांगितलं, पोरगी खोटं बोलत नाय. आत काय नाय तर काय नाय म्हणून सांगते. असं कोन सांगतं?" महिनाभर पुठ्ठ्याच्या नटाला जे जमलं नाही ते या बाईने एका संध्याकाळीत केलं होतं. सुहास सरांनी ग्रुपवर उज्वलाच्या नावापुढे तीन मोठाल्या टाळ्या टाकल्या.

"डमी, काकी?"

"राहू दे दोन दिस. वरच्या वाडीत दाखवायचाय."

दोन दिवसांचे बरेच झाले. वरची वाडी काही संपेना. मग ठमाबाईच येईनाशी झाली. टोपलीची जागा रिकामी पडली आणि एका रिक्षावाल्याने तिथे चाक लावलं. गुडघा धरलाय, एवढं कुणाकडून तरी कळलं.

आणि सुहास सरांचा फोन आला.

"उज्वला, ऐक. ते मॉडेल आपल्या भागात लाँच नाही करायचं ठरलंय."

"म्हणजे उशिरा येणार?"

"येणारच नाही. आपली गावं सी कॅटेगरीत पडली. वरून आलंय."

"आणि बुकिंग?"

"नावं सेंट्रलला गेलीत ना. त्यांना मेसेज जाईल."

"सर, त्यांच्याकडे स्वतःचे फोनच नाहीत. मेसेज कुठे जाईल?"

पलीकडे सुहास सर हसले, मग ओशाळून थांबले. "हे बघ, तुझ्यासाठी चांगली बातमी आहे. शर्मिला बाळंतपणाला चाललीये. गॅलरीत जागा होतेय. मी तुझं नाव टाकलंय. एसी आहे, घर पाच मिनिटांवर. दुपारी पोराला बघून येशील."

दुपारी घरी जायचं, भाताचे दोन घास भरवायचे आणि परत यायचं, असंही जगता येतं हे उज्वला विसरूनच गेली होती.

"फक्त सगळं मटेरियल जमा कर. छत्री, तो नटाचा स्टँडी, दोन्ही डमी. उद्या सकाळी ऑडिटवाला फोटो काढायला येतोय. एक जरी कमी पडलं ना, तर तुझं नाव पुढे सरकत नाही. मग वरचे लोक माझं ऐकणार नाहीत."

"डमीसाठी? सर, आत काही नसतं हो त्याच्या."

"आत नसलं तरी पाठीवर नंबर असतो गं."

तिने छत्री मिटली. पुठ्ठ्याचा नट घडी घालून, कान नसलेली बाजू आत करून, चहावाल्याकडे ठेवला. नागसेनला सांगितलं, उशीर होईल. सासूबाईंना सांगितलं, उशीर होईल. मागून ऋत्विकचा आवाज आला, "आई कुठंय?" आणि ती पिंपळकोंडाच्या जीपमध्ये चढली.

जीपमध्ये तिला मांडीवर एक कोंबडी आणि पायाशी खताची गोण असा प्रवास करावा लागला. वळणावळणाला ती मनात वाक्यं जुळवत होती. काकी, डमी द्या. काकी, ते फोन येणार नाहीत. दोन्हीतलं आधी कुठलं सांगायचं? आधी डमी मागितला तर वाटेल, काम संपलं म्हणून आली. आधी फोन येणार नाहीत म्हणावं तर म्हातारीने वाडीला दिलेला शब्द तिच्याच देखत मोडायचा. आणि डमी सापडलाच नाही तर? कुणा पोराने फोडला असला तर? गॅलरीची काच, एसी, दुपारचे दोन घास, सगळं एका पोकळ निळ्या तुकड्याला टांगून ठेवलेलं.

जीपवाल्याने फाट्यावर उतरवलं. "अर्ध्या तासानं परत फिरतो. मग गाडी नाय."

वाडीत ठमाबाईच्या घराला कडी होती. ओट्यावर तिचा नवरा हैबती कोयती परजत बसला होता. खिशातून साध्या फोनचा कोपरा दिसत होता.

"काकी आहेत?"

त्याने तिच्या गळ्यातल्या नारिंगी पट्टीकडे बघितलं. मग नुसतीच हनुवटी डोंगराकडे उचलली. "कातळावर."

रेंजच्या कातळाबद्दल ठमाबाईने तिला सांगितलं होतं, पण उज्वलाला ती थट्टा वाटली होती. वाडीच्या वर, कुंभ्याच्या झाडापलीकडे, एक लांबरुंद काळा कातळ होता आणि तिन्हीसांजेला तिथे बायकांची जत्रा भरली होती. पिंपळकोंडात फोन फक्त इथेच लागत असे. एका कंपनीची रेंज या टोकाला, दुसरीची त्या टोकाला, त्यामुळे बायका फोनप्रमाणे पांगून उभ्या होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. कुणी मुंबईला, कुणी सुरतेला. "औषध घेतलं का?" "मेलं त्या मुकादमाचं तोंड!" "बोल रे, बाबांशी बोल, लाजतोस काय?" एका फोनभोवती तीन-तीन डोकी. बोलून झालेल्या बायका खाली बसून आवळे खात दुसऱ्यांचं ऐकत होत्या.

मधोमध, जिथे कातळाला जरासा खळगा होता, तिथे ठमाबाई एकटी उभी होती. हातात काठी. कानाला निळा डमी.

"ती जागा तुमच्या कंपनीची," मागून कुणीतरी म्हणालं. तरणीताठी बाई होती, कडेवर पोर. "मी सारिका. तुमच्या इथं नाव दिलंय ना मी फोनसाठी. तुमची रेंज तिथंच येते. म्हणून काकी तिथंच उभी राहते. इमान बघा."

उज्वलाने नकळत आपला मोबाइल काढला. रेंज भरून आली होती, खरंच.

"ती... कुणाशी बोलते?"

सारिकाने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "लेकीशी. दीप्ती. महाडला कॉलेजात होती, तिथल्याच पोराशी लगीन लावलं. आता पनवेलला असतात. आबांनी, तिच्या बापानं, नाव टाकलंय तिचं. घरात नाव काढायचं नाय, फोन लावायचा नाय." ती थांबली, उज्वलाकडे बघून जरा चाचरली. "पोरगा तुमच्यातला. तळ्याजवळचाच."

खाली वाडीत कुणीतरी गुरांना हाक मारली. उज्वलाला एकदम शेंगांच्या जुड्या आठवल्या, सोडलेल्या आणि पुन्हा बांधलेल्या. सुनेला सासू कशी वागवते. नोकरी करू देतात?

"तिला माहीत आहे ना, तो..."

"तिला ठाव हाय. आमाला ठाव हाय. त्यातलं घड्याळ कधी पुढं सरकत नाय, ते पोरांनाबी कळतं. आबांना पण ठाव असनार, म्हणून तर ते इकडं फिरकत नायत." सारिकाने आवाज आणखी खाली आणला. "पहिल्या दिवशी आमी हसलो. मग नाय हसलो. आता तिची वेळ झाली की जागा देतो. तेवढंच."

उज्वला पुढे गेली. ठमाबाईची पाठ तिच्याकडे होती. दोन-चार पावलांवर तिचे पाय थांबले, कारण बोलणं ऐकू येऊ लागलं होतं आणि ते मधेच तोडणं बरं दिसलं नसतं.

"...मग भात कुनी शिजवला? तू आल्यावर? दमून येतेस आनि पुन्हा चुलीशी? त्याला सांग की जरा... बरं, बरं. नाय बोलत त्याला काय." ती ऐकत होती. मान हलवत होती. मधे सोडलेली जागा तेवढीच, जेवढी पलीकडच्या माणसाला बोलायला लागते. "गुडघा व्हय, कमी हाय. जायफळ उगाळून लावते. आनि ती कंपनीची पोरगी नाय का, तुमच्या महाडची, तिच्या बाटलीतलं पाणी पिते मी आता. होय गो! तोंड लावून. काय झालं मला? काय सुद्धा नाय झालं." मग तिने काठीच्या टोकाने कातळ खरवडला. "तवा तुमच्या हातचं प्याले असते तर... हां. हां. ठेव आता. तुला उशीर होतोय."

तिने डमी कानावरून काढला आणि वळली. उज्वलाला बघून ती दचकली नाही. फक्त पदर डोक्यावर सारखा केला.

"कवा आलीस?"

"आत्ताच, काकी."

"खोटं बोलायला कवापासून लागलीस?"

"काकी, ते फोन येणार नाहीत. कंपनीने आपली गावं गाळली. तुम्ही शब्द दिलात सगळ्यांना, मीच..."

"येनार नाय, ते आमाला ठाव होतं."

"मग नावं?"

"तुझी नोकरी टिकावी म्हणून दिली बायांनी. मी सांगितलं, पोरगी पोराला टाकून येते. नाव द्यायला काय जातं?" ती हसली. "कंपनी हितं टावर घालायला आली नाय, ती फोन काय पाठवतेय!"

बायका आता ऐकत होत्या. कातळावरचा कलकलाट बसला होता. उज्वलाने पिशवीचा पट्टा खांद्यावरून ओढून धरला. डमी मागायचं वाक्य तिच्या जिभेवर होतं, पण ते तिला उच्चारता येईना. गॅलरी गेली तर गेली. शेळीने खाल्ला म्हणून सांगू. तिने दुसरंच काहीतरी केलं. स्वतःचा मोबाइल पुढे धरला.

"काकी, हा चालू आहे. रेंज आहे. नंबर आहे दीप्तीचा?"

"तोंडपाठ हाय."

"मग सांगा. मी लावते."

ठमाबाईने त्या उजळलेल्या पडद्याकडे बघितलं. हात पुढे आला आणि वाटेतच थांबला.

"आनि तिनं नाय उचलला तर?"

उज्वलाने मोबाइल तसाच पुढे धरून ठेवला.

"ती घरातनं निघाली तवा मी चुलीपाशी बसले होते. वळून बघितलं पन नाय मी. तिनं दोनदा आई म्हटलं." डमीवरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "ह्याच्यावर ती रोज उचलते गो."

झाडातून एक घार उठून दरीवर गेली. पडदा विझला तसा उज्वलाने मोबाइल खाली घेतला.

मग ठमाबाईने डमी पदराने पुसला. पुढून पुसला, पाठीवरून पुसला, नंबराच्या चिकटपट्टीवरून हलक्या हाताने. आणि उज्वलाच्या पिशवीत टाकला.

"काकी, राहू दे. मी मागितला नाही."

"मागायला तर आलीस. एवढ्या लांब काय माझं तोंड बघायला? ने. तुझं काम आडंल." उज्वला पिशवीत हात घालू लागली तेव्हा तिने तो मनगटाशी घट्ट धरला. "ने म्हणते ना. पोर तुझं बारकं हाय. पोर बारकं असतं तोवर जवळ ऱ्हावं. मग कुठलीच रेंज येत नाय."

खालून जीपचा हॉर्न वाजला.

"वीस मार्चला तळ्यावर ती येत असंल," ठमाबाई अचानक म्हणाली. "त्या पोराबरोबर. सगळे येतात ना तुमच्यातले?"

"येतात, काकी. एवढी गर्दी होते की फोन लागत नाहीत. आम्ही पाणी वाटायला असतो."

"मग दिसंल तुला."

"मी ओळखणार कशी?"

"माझ्यावानी हाय. कपाळ मोठं. हसली की डावा डोळा बारीक होतो."

"काय सांगू तिला?"

ठमाबाईने विचार केला. पुन्हा केला. सारिका आणि बाकीच्या बायका तिच्याकडे बघत होत्या.

"सांगू नको काय. पाणी दे नुसतं. आनि बघ, बारीक झाली असंल तर मला येऊन सांग."

पुन्हा हॉर्न झाला. उज्वला धावत उतरली. कुंभ्याच्या झाडाशी तिने मागे वळून बघितलं. कातळावर बायकांचं बोलणं हळूहळू परत सुरू झालं होतं. खळग्यात मात्र कुणी उभं राहिलं नव्हतं. ठमाबाई कडेला बसून कुणीतरी दिलेला आवळा हातात धरून होती, खात नव्हती.

जीपमध्ये आता ती आणि एक शिक्षक एवढेच होते. वळणं उलटी फिरू लागली. मोबाइलमध्ये ऋत्विकचा आवाज पाठवलेला आला होता. तिने तो कानाशी लावून ऐकला, पुन्हा ऐकला. मग नंबराची पट्टी निघाली तर नाही ना, म्हणून पिशवीत हात घालून चाचपलं.

बोटांना निळा डमी लागला. तिने तो मुठीत घेतला, मग तसाच गालाला लावून बघितला.

तो गरम होता.